मुलं कोण बघतं?

आमच्या पुण्यातल्या ख्रिस्ती संस्थेत नवे कार्यकर्ते शोधायचं काम दोघांकडे आहे, माझ्याकडे आणि एका सहकाऱ्याकडे. दोघांनाही घरदार आहे, दोन-दोन मुलं आहेत. तो नंदुरबारला आठवडाभर जाऊन येतो तेव्हा तिथले पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "केवढी धावपळ करता हो प्रभूसाठी." मी जालन्यात एक रात्र मुक्काम केला की ताटात भात पडायच्या आत प्रश्न येतो, "मग मुलं कोण बघतं?" विचारणारी बहुतेक वेळा पाळकीणबाई, पाळकांची बायको, असते आणि तिच्या आवाजातली काळजी खरी असते, त्यामुळे धड रागही येत नाही.

मी सांगते, नवरा बघतो, सासूबाई बघतात, आणि थोरली आम्हा सगळ्यांकडेच बघते. मग मंडळी हसतात आणि विषय पुढे सरकतो. गेल्या वर्षी मात्र एका पाळकीणबाईंना मी गमतीत म्हटलं, पुढच्या खेपेला आमचा सहकारी येईल तेव्हा त्यालाही हेच विचारा. त्यांनी खरंच विचारलं. तो इतका गडबडला की "ती बघते ना" एवढंच म्हणाला आणि परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी जरा जपूनच बोलत होता.

काम नेमकं काय, ते थोडक्यात सांगते. येरवडा, ताडीवाला रोड, पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत, अशा ठिकाणी आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, बायकांचे बचत गट आहेत, दारू सोडू बघणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन नुसतं बसणं आहे, आणि कुणाला ससून रुग्णालयात न्यायचं असलं की केसपेपरच्या रांगेत उभं राहणं आहे. कुणी त्याला सेवा म्हणतं, कुणी समाजकार्य. केसपेपरची रांग दोघांनाही तेवढीच लांब. हे करायला तरुण माणसं लागतात, जी दोन वर्षं तुटपुंज्या मानधनावर वस्तीच्या जवळ खोली घेऊन राहतील, आणि ज्यांना मराठी नीट बोलता येतं.

ही मराठीची अट मोठी आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आली, म्हणजे पीएमटीच्या बसने जाऊन पवित्र शास्त्र शिकणारी मुलं भेटावीत एवढी सोय पुण्यात आहे. (पीएमपीएमएल म्हणायला मला अजून जमत नाही.) पण तिथली मुलं देशभरातून आलेली असतात. वस्तीतल्या आजीला आपलं दुखणं मराठीतच सांगायचं असतं. म्हणून मग नगर, जालना, सांगली-मिरज, कोल्हापूर, नंदुरबार. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये गेलं, मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं मिरजेतलं इस्पितळाचं काम १८९४ चं. आपल्या ख्रिस्ती घरांची मुळं त्या भागात आहेत. आणि माणसं मात्र शहरात येऊन पडली. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रातले पंचेचाळीस टक्के लोक शहरी होते. आपलीही मुलं पुण्यात येतातच की. हिंजवडीला येतात, चाकणला येतात, नर्सिंगला येतात. वस्तीत राहायला या म्हटलं की घरात एकदम शांतता पसरते.

त्या शांततेत जाऊन बसणं हे माझं खरं काम. मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वरकडे तरुणांची शिबिरं होतात, तिथे आमचंही टेबल असतं, पत्रकं असतात. शेवटच्या रात्री गाणी होतात, प्रार्थना होते, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कुणाला आहे म्हटल्यावर भराभर हात वर जातात. त्या हातांवर मी आता भरवसा ठेवत नाही. कुणी खोटं वागतं म्हणून नव्हे. जूनमध्ये ॲडमिशन सुरू होतात, घरात आई-बाप असतात, धाकट्या भावाची फी असते. माणूस शिबिरात हो म्हणतो आणि त्याचं खरं उत्तर घरी ठरतं.

मिरजेजवळच्या एका गावात एका मुलीच्या घरी गेले होते. मुलगी बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झालेली, यायला एका पायावर तयार. वडील साखर कारखान्यात, ते दोन वाक्यं बोलून कामावर निघून गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी बोलत होते वस्तीबद्दल, अभ्यासिकेबद्दल, आणि ती माझ्याकडे न बघता एकेक पान खुडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारायला लागली. खोलीला आतून कडी आहे का? संडास आत आहे का बाहेर? रात्री मीटिंगहून परत येताना बरोबर कोण असतं? ख्रिस्ती संस्था म्हटल्यावर आजकाल लोक काय काय बोलतात, उद्या काही झालं तर तिच्या बाजूने उभं कोण राहणार? यातलं एकही आमच्या पत्रकात नव्हतं. उत्तरं दिली तशी दिली. मग काड्या एका बाजूला सारून तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमची मुलगी कितवीला?"

"नववीला."

"तिला पाठवाल तुम्ही असल्या कामाला?"

मी म्हटलं, ते तिचं तिला ठरवू दे, पण शनिवारी ती माझ्याबरोबर येरवड्याला येते, लहान मुलांचे पाढे घेते. बाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग मी आधी येऊन बघते. तुमचं घरपण बघते."

आणि आली. पुढच्याच महिन्यात, मुलीला घेऊन, कोयना एक्सप्रेसने. बोपोडीत आमचं दोन खोल्यांचं घर, दोघींना बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या. शनिवारी वस्ती दाखवली, मुलीला जिथे राहायचं होतं ती खोली दाखवली. बाईने कडी स्वतः लावून-काढून बघितली. रविवारी उपासना, मग घरी येऊन मटणाचा रस्सा. सासूबाई आणि ती दुपारभर भाकरीच्या पिठापासून सोयरिकीपर्यंत बोलत बसल्या. आमचा धाकटा, तेव्हा तिसरीत, पाहुण्यांसमोर म्हणाला, "आई कधी कधी रात्री दहाला येते आणि आली तरी फोनवरच असते." मला वाटलं, झालं, गेली मुलगी हातची. ती बाई मात्र त्यानंतरच निवांत झाली. या घरात काही झाकून ठेवत नाहीत, असं तिला वाटलं असावं.

मुलगी आता दुसरं वर्ष काढते आहे. आणि माझ्या कामाची रीत त्या बाईमुळे बदलली. जमेल तिथे आता आम्हीच त्यांना बोलावतो. मुलगा असो, मुलगी असो, बरोबर आई किंवा बाप हवा, दोन रात्री आमच्याकडे किंवा सहकाऱ्याकडे, तिकीट संस्थेचं. येणाऱ्यांतले काही जण वस्ती बघून सरळ नाही म्हणतात. ते मला चालतं, सहा महिन्यांनी निघून जाण्यापेक्षा कितीतरी बरं. माझे मुक्काम कमी झाले. कमिटीला मात्र हे पचायला वेळ लागला, कारण वार्षिक अहवालात "भेट दिलेल्या मंडळ्या", म्हणजे गावोगावची चर्चेस, असा रकाना आहे आणि तो आकडा घसरला. आमच्या हॉलमध्ये कितीजण झोपून गेले याला रकाना नाही. मी मागितला आहे. बघू.

बायबलमध्ये शमुवेलाच्या फिरतीचा उल्लेख आहे. पहिल्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात तो दरवर्षी बेथेल, गिलगाल, मिस्पा अशी फेरी करतो आणि रामाला परत येतो, कारण तिथे त्याचं घर होतं. उपदेशात हे वाक्य नेहमी घेतात, सेवक कसा असावा म्हणून. आठवा अध्याय त्याच दमात कुणी वाचत नाही. तिथे त्याचे मुलगे योएल आणि अबीया लाच खाऊ लागलेले आहेत, आणि लोक येऊन त्याला तोंडावर सांगतात, तुझी मुलं तुझ्या वाटेने चालत नाहीत. बाप फिरतीवर होता म्हणून मुलं बिघडली, असं पवित्र शास्त्र म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण पोरांचं वागणं गावाला आधी कळलेलं होतं, एवढं खरं.

आमच्या घरचं म्हणाल तर ते कुणाच्या थोर समजूतदारपणावर चालत नाही. नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आहे आणि त्याची जनरल शिफ्ट आहे, त्यावर चालतं. शिफ्ट बदलली की माझा दौरा रद्द. सासूबाईंचे गुडघे, त्यावर चालतं. मेट्रो स्वारगेटपर्यंत झाल्यापासून बोपोडीहून सातारा-सांगलीच्या एसटीपर्यंत पोचायचा जीवघेणा ताप गेला, त्यावरही चालतं. नगरची गाडी तर वाकडेवाडीला, हाकेच्या अंतरावर. नगर मी शक्यतो सकाळी जाऊन रात्री परत असंच करते. एकदा परतीच्या गाडीत थोरलीला फोनवर भूमितीचं प्रमेय समजावत होते, शिरूर ते वाघोली. शेजारचे आजोबा उतरताना म्हणाले, "बाई, मलापण समजलं."

नवऱ्याची एक ठरलेली चेष्टा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षं त्यांची बायको लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी बॅग भरायला घेतली की हा म्हणतो, "टिळक निदान कविता तरी करायचे." मी म्हणते, लक्ष्मीबाईंनी पुढे सगळं लिहून काढलं, तूही लिही. अजून तरी त्याने वही उघडलेली नाही.

यंदा अडचण वेगळी आली. सेमिनरीतल्या आणि समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठायचे महिने म्हणजे फेब्रुवारी-मार्च. थोरलीचा दहावीचा बोर्डही तेव्हाच. जानेवारीतच ऑफिसात सांगून टाकलं, शेवटचा पेपर होईपर्यंत मी पुण्याबाहेर पाऊल टाकणार नाही. सहकाऱ्याने माझे दौरे घेतले. त्याच्या बदल्यात जूनचे त्याचे मी घेतले, कारण त्याच्या धाकट्याची शाळा सुरू होते आणि तो पहिले पंधरा दिवस गेटवर रडतो. हे त्याने पहिल्यांदाच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. कुणीही हसलं नाही.

लेकीला माझी फारशी गरज लागली असंही नाही. अभ्यास ती मैत्रिणीकडे करायची. मी घरात नुसती होते, चहा करत. एकदा रात्री अकराला बाहेर येऊन म्हणाली, "तू झोप ना, किती वेळ बसतेस." तरी बसले.

बोलावून घेण्याची ही रीत सगळीकडे लागू पडत नाही. नंदुरबारकडचा एक मुलगा आहे, त्याचे आई-वडील मजुरीला जातात. चार दिवस पुण्याला या म्हणायचं म्हणजे चार दिवसांचा रोज बुडवा म्हणायचं. तिकीट देऊन ते भरून निघत नाही. आणि रोजही आम्ही देऊ म्हटलं तर त्याला वेगळाच वास यायला लागतो. तिथले पाळकसाहेबही म्हणाले, तसं नका करू. तिथे जायलाच हवं, आणि आईला भेटायचं तर या वेळी मीच जायला हवं. मे महिन्यात जाते आहे, तिथल्या उन्हात, रात्रीच्या बसने. धाकट्याला सुट्टी आहे, त्याला बरोबर नेते आहे. बसमध्ये वरचा बर्थ मिळणार का, एवढंच त्याने विचारलं. थोरलीलाही म्हटलं, चल, तुझीही सुट्टीच आहे.

"मी झोपणार आहे," ती म्हणाली. "जूनपर्यंत."