पाळणं आणि पाळत

“मावशी, ‘आई सोमवारच्या उपवासाचं निरीक्षण करते’ असं लिहू?”

विचारणारी नववीतली मुलगी. इंदूरच्या रामबागेत आमच्या दोन घरं पलीकडे राहते आणि संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीसाठी येते. विज्ञानाच्या पुस्तकात तिला ‘ऑब्झर्व्ह’ हे क्रियापद कांद्याच्या पापुद्र्याबरोबर भेटलं होतं: पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि ऑब्झर्व्ह करा. मग इंग्रजीच्या सरावात तेच क्रियापद उपवासाला लावलेलं निघालं. तिनं कांद्याचा अर्थ उचलून उपवासाला बसवला.

‘उपवास करते’ असं लिही, मी तिला सांगितलं. ती गेली, पण तो शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरात तो दोन माणसांत वाटलेला होता.

बाबा हवामान खात्यात ऑब्झर्व्हर होते. हुद्द्याचं नावच तसं. इंदूरच्या विमानतळावर ठरलेल्या वेळांना नोंदी घ्यायच्या, पहाटे अडीच, साडेपाच, सकाळी साडेआठ, असं दर तीन तासांनी. सकाळच्या साडेआठला सगळ्यात मान, कारण चोवीस तासांचा पाऊस तेव्हा मोजतात. जाळीदार फळ्यांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक असतात आणि त्या पेटीचं दार उत्तरेकडे उघडतं, म्हणजे आत ऊन शिरत नाही. दार उघडलं की डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा आणि झटकन वाचायचं. रेंगाळलं तर अंगाच्या उबेनं पारा चढतो. ढग मोजताना आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती झाकलेत ते लिहायचं. लहानपणी मला हे फार आवडायचं. गच्चीवर उताणी पडून मी “बाबा, आज पाच!” असं ओरडायचे आणि ते “नीट बघ, सहा” म्हणायचे.

त्यांनी मला पक्की शिकवलेली एक गोष्ट म्हणजे शून्य आणि रिकामी चौकट यांतला फरक. पाऊस झाला नाही तर ०.० लिहायचं. थेंब पडले, पण मापात भरण्याइतके नाहीत, तर ‘ट्रेस’ लिहायचं. रिकामी चौकट म्हणजे त्या वेळी तिथे कुणी बघितलंच नाही. “शून्य लिहायलासुद्धा जाऊन बघावं लागतं,” असं ते म्हणायचे.

आई उपवास करायची, सोवळं पाळायची, ग्रहणाचे वेध पाळायची. इंग्रजीत सांगायचं तर तीही ऑब्झर्व्हच करायची. नवऱ्याचं ऑब्झर्व्हेशन, बायकोचं ऑब्झर्व्हन्स. क्रियापद एक, नामं दोन, आणि विद्यार्थी हमखास घोटाळा करतात ते इथेच. बघण्याचं नाम ऑब्झर्व्हेशन, पाळण्याचं ऑब्झर्व्हन्स. ‘उपवासाचं ऑब्झर्व्हेशन’ म्हटलं तर कुणीतरी बाजूला बसून वही घेऊन उपवास बघतंय असं होईल.

२२ जुलै २००९ची सकाळ मला लख्ख आठवते. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरत, बडोदा, इंदूर, भोपाळ असा वर बनारस-पाटण्याकडे गेला होता. आषाढी अमावास्या होती, म्हणजे आपली दीप अमावास्या. (इंदुरात आमच्या गल्लीत श्रावण दोन असतात. शेजारच्या हिंदी घरांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आमचा अमावास्या ओलांडून पंधरा दिवसांनी. त्यांचे दोन सोमवार होऊन जातात तेव्हा आमचा पहिला येतो.) आईनं आदल्या दिवशीच दिवे घासून ठेवले होते. वेध लागले तसं तिनं खाणंपिणं थांबवलं, दुधादह्यात तुळशीची पानं टाकली आणि पहाटे देवासमोर जपाला बसली. बाबा निवृत्त झालेले, तरी साडेपाचलाच वही आणि घड्याळ घेऊन गच्चीत. आभाळ आठांपैकी आठ. सूर्य दिसला नाही. पण सहा वाजून वीस मिनिटांच्या पुढे उजेड असा उतरला की कुणी दिव्याची वात खाली ओढावी. पाखरं गप्प झाली. बाबांनी वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं, कावळे कधी थांबले ते लिहिलं. खाली आई माळ ओढत होती. दोघांनीही आदल्या संध्याकाळपासून त्या काही मिनिटांची तयारी केली होती.

आणि शब्दही बघा. आई पाळत होती ते ‘वेध’. बाबा जे करत होते त्याला जुन्या ज्योतिषांनी ‘वेध घेणं’ म्हटलं असतं. वेधशाळा हा शब्द तिथूनच आलेला. आमच्यापासून तासा-दीड तासावर उज्जैनची वेधशाळा आहे. ती जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३मध्ये दुरुस्त करवली. बाबांनी मला एकदा २१ जूनला तिथे नेलं होतं. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे त्या दिवशी भर दुपारी शंकुयंत्राची, म्हणजे तिथल्या उभ्या खुंटीची, सावली नाहीशी होते. पाच-सहाशे माणसं उन्हात उभी राहून सावली जायची वाट बघत होती.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी जुना कोश काढून बसले. लॅटिनमध्ये ‘सर्व्हारे’ म्हणजे राखणं, सांभाळणं. प्रिझर्व्ह, कन्झर्व्ह, रिझर्व्ह ही त्याचीच भावंडं. इंग्रजीत ऑब्झर्व्ह आला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आधी आला तो पाळण्याच्या अर्थानं: नियम, रीत, व्रत. बघणं, ध्यानात घेणं हा अर्थ सोळाव्या शतकातला, आणि तो शकुन बघण्याच्या वाटेनं आला असं मानतात. म्हणजे आईचा अर्थ थोरला आणि बाबांचा धाकटा. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी उठून आईला सांगायला गेले.

मग मराठीकडे वळले आणि थबकलेच. पाळणं आणि पाळत ठेवणं! आपल्याकडेही राखणं आणि टक लावून बघणं एकाच घरातले. पाळत हा शब्द आता पोलिसांच्या बातम्यांत अडकलाय, चोरावर ठेवायची वस्तू झालाय. पण मुळात ज्याची राखण करायची त्याच्यावरून नजर हलवायची नाही, एवढंच ते आहे. गुराखी करतो ते.

तरी डोळे मिटून ‘पाळणे’ बसवता येत नाही, हेही त्या मुलीला सांगायला हवं. आपण शब्द पाळतो, पण इंग्रजीत तिथे ‘कीप’ लागतं. ऑब्झर्व्ह लागतं ते सगळ्यांच्या सामाईक गोष्टींना: वाहतुकीचे नियम, सणाची सुट्टी, शस्त्रसंधी, ३० जानेवारीला सकाळी ११ वाजताचं दोन मिनिटांचं मौन. आणि कुत्रा पाळणं तर वेगळंच.

‘नोटिस’शीही गल्लत होते. रस्त्यात मैत्रीण दिसली तर ‘आय ऑब्झर्व्ह्ड हर’ लिहू नये, ती जणू दुर्बिणीतून बघितली असं वाटतं. तिथे ‘सॉ’ पुरे. तिनं केस कापलेत हे ध्यानात आलं, तिथे ‘नोटिस’. मराठीत तर इथे माणूस कर्ताच नसतो. माझ्या लक्षात आलं. मला दिसलं. गोष्ट आपल्या पायांनी चालत आपल्यापाशी येते. (पुण्याकडे ‘लक्ष गेलं नाही’ म्हणतील, आम्ही इंदूरकर सर्रास ‘ध्यान नाही गेलं’ म्हणतो. हिंदीचा शेजार आहे आणि मला तो बोचत नाही.) ऑब्झर्व्हला मात्र उठून जाणारा माणूस लागतो.

तिसरा अर्थ, म्हणणं किंवा शेरा मारणं, मी तिला अजून शिकवलेला नाही. ‘असं निरीक्षण न्यायालयानं नोंदवलं’ हे वर्तमानपत्री वाक्य त्यातूनच आलंय. मला ते खटकतं. न्यायालयानं ‘म्हटलं’ लिहावं.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांचं पर्जन्यमापक गच्चीतच आहे. पहिल्या पावसाळ्यात आईनं मला काचेचं माप कसं धरायचं ते विचारलं, आणि तेव्हापासून पावसाळ्यात रोज साडेआठला तीच वर जाते. गुडघे दुखतात म्हणून कठडा धरून. काल सोमवार होता. सकाळी चारच थेंब पडले होते. ती खाली आली, चष्मा लावला, बाबांच्या वहीत तारखेपुढे ‘ट्रेस’ असं देवनागरीत लिहिलं आणि मग साबुदाणा भिजत घातला.