निरमा आणि सर्फ: स्पर्धक नेमका कोण?

मार्केट रिसर्च म्हटलं की लोकांना सर्व्हे नि पाय चार्ट आठवतात, मला मात्र निरमा आठवतं. करसनभाई पटेल अहमदाबादचे, सरकारी नोकरीतले केमिस्ट, 1969 मध्ये घरीच निरमा ही कपडे धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला लागले, भाव साधारण 3 रुपये किलो, आणि सर्फ तेव्हा त्याच्या कितीतरी पट महाग. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरने बरीच वर्षं निरमाला आपला स्पर्धक मानलंच नाही, कारण त्यांच्या हिशोबात निरमा घेणारा ग्राहक सर्फचा नव्हताच, तो कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवाला होता! पण बाजार तिथेच तर वाढत होता ना.

मग सर्फच्या जाहिरातीतल्या चोखंदळ गृहिणी ललिताजी आल्या, अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर असा हिशोब टीव्हीवर मांडायला. जाहिरात मला आजही जबरदस्त वाटते, पण ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो तिथे आधी हातातून किती पैसे जातात तेच बघतात. लिव्हरला हे पटलं तेव्हा त्यांनी सर्फ स्वस्त केला नाही, व्हील नावाचा वेगळा ब्रँड काढला, त्याचा फॉर्म्युला, खर्च, वितरण सगळं नव्याने बसवलं, आणि माझ्या मते खरी स्ट्रॅटेजी हीच.