पाटणपर्यंत जाऊन येऊ

आमच्या चौघींचा 'चलो गोवा' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. 2018 साली काढला. गोव्याला अजून कोणी गेलेलं नाही. आधी मंदाच्या मुलीची बारावी आडवी आली, मग शैलाच्या सासऱ्यांचा मोतीबिंदू, मग करोना, मग ज्योतीच्या घरावरचा स्लॅब. आता त्या ग्रुपवर एकादशीच्या शुभेच्छा येतात आणि कोणाचा डबा कोणाकडं राहिला याची चौकशी होते. म्हणून आधीच सांगून टाकते, गेल्या हिवाळ्यात आम्ही समुद्र बघून आलो त्यात या ग्रुपचा काडीचाही हात नव्हता.

झालं असं की आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या लेकीचं मल्हारपेठेला डोहाळजेवण होतं. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली की साडी बदलून साताऱ्याहून निघायचं ठरलं. त्या दिवशी नेमकी संकष्टी. संकष्टीला डोहाळजेवण कोण ठेवतं, असं मंदा उंब्रजपर्यंत बडबडत होती, आणि उपास मात्र आमच्यात मी एकटीच करते. यजमानीणबाईंनी माझ्यासाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी केली होती. बाकीच्या तिघींनी माझ्यासमोर जिलबी खाल्ली.

दोनच्या सुमारास गाडीत बसलो. गाडी ज्योतीची. ती एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकली आणि यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आली, तेव्हापासून आम्ही तिला सारथी मानतो. तिनं किल्ली फिरवली आणि म्हणाली, "एवढ्या लवकर घरी जाऊन काय करायचंय? पाटणपर्यंत जाऊन येऊ की. चहा घेऊ."

आता मल्हारपेठेत चहा मिळत नाही असं थोडंच आहे. पण कोणी काही बोललं नाही.

पाटणला चहा झाला. तिथं शैला म्हणाली, कोयनानगर इथंच तर आहे, धरण लांबून बघू आणि फिरू माघारी. कोयनानगरला धरण लांबूनच दिसलं. मग मंदा म्हणाली की आपण घाटमाथ्यापर्यंत आलोच आहोत, कुंभार्लीच्या तोंडाशी उभं राहून खाली कोकण बघू, फोटो काढू. तिथं उभं राहिल्यावर खाली उतरत गेलेली वळणं दिसत होती, उन्हात झाडं पिवळी पडलेली, आणि वाऱ्याचा पोतच बदलला होता. आमच्याकडचा वारा कोरडा, ओठ फोडणारा. हा जरा ओलसर वाटला. किंवा आम्हाला तसं वाटायचं होतं. कोणीही 'समुद्र' हा शब्द उच्चारला नव्हता. ज्योती फक्त म्हणाली, "चिपळूणला डिझेल स्वस्त असेल का गं?" तिची गाडी पेट्रोलवर चालते.

माझ्या मते माणूस ठरवून समुद्राला जातो तेव्हा त्याला सुट्टी, पैसे, बुकिंग आणि घरच्यांची परवानगी लागते. चहाला म्हणून निघालं की यातलं काहीच लागत नाही. फक्त थोडं थोडं पुढं जात राहायचं आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघायचं नाही.

घाटात ज्योतीचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि मागच्या सीटवरून मंदा प्रत्येक वळणावर गणपतीला हाक मारत होती. माझ्या कानाला दडे बसले. पोफळीच्या आसपास शैलानं आम्हाला भूगोल शिकवायला घेतला, कारण तीस वर्षं तोच विषय शिकवल्यावर माणसाला गप्प बसता येत नाही. ती म्हणाली, "कृष्णेचा उगम जुन्या महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत फक्त 64 किलोमीटर. आणि आपली कृष्णाबाई कुठं जाते? पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर, थेट बंगालच्या उपसागराला."

"आपल्यासारखीच," मंदा म्हणाली. "गोव्याला निघायची आणि दरवेळी पुण्याला नणंदेकडं."

पण कोयनेचं तसं नाही, हे शैलानं पुढं सांगितलं. कोयना खरं तर कृष्णेचीच बहीण, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर तिला जाऊन मिळणारी. पण धरण झालं तेव्हा तिच्या पाण्याला डोंगरातून बोगदे पाडून पश्चिमेकडं वळवलं. धरणामागच्या 105 टीएमसीच्या शिवसागर जलाशयातलं पाणी घाटाखाली पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. म्हणून भर उन्हाळ्यातही चिपळूणच्या वाशिष्ठीला पाणी असतं. तिथून दाभोळची खाडी, आणि खाडीतून समुद्र.

हे मी सातवीच्या मुलांना शिकवलेलं नाही, माझा विषय मराठी. पण ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई आल्या. त्यांचं माहेर जावळीतलं. ते गाव आता शिवसागराच्या तळाशी आहे. त्या चौदा-पंधरा वर्षांच्या असताना पाणी चढायला लागलं. त्यांच्या बोलण्यात ते कधीच दुःखाच्या सुरात येत नाही, भाजी निवडता निवडता येतं. "आमच्या घरामागं फणस होता बरका. आता मासं खात असतील."

चिपळूणला गाडीत पेट्रोल भरलं आणि चौघींनी घरी फोन केले. मंदा नवऱ्याला म्हणाली की उशीर होईल. ज्योती म्हणाली की गाडी जरा आवाज करतेय. शैलानं खरं सांगितलं, आणि तिलाच सगळ्यात जास्त ओरडा बसला. माझा फोन सासूबाईंनी उचलला. मी म्हटलं, "आई, आम्ही गुहागरला चाललोय. रात्री राहावं लागंल."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "जा. नैवेद्याचं मी बघते. चंद्र बघितल्याबगर खाऊ नको." आणि फोन ठेवता ठेवता, "बाटली हाय का गाडीत? थोडं पाणी आण त्यातलं."

गुहागरला पोचलो तेव्हा सूर्य मावळायला अर्धा तास राहिला असेल. सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर आलो आणि चौघीही एकदम थांबलो. इतकी लांब वाळू, दोन्ही बाजूंना नजर संपेपर्यंत, आणि तिच्यावर माणसं मोजकी. त्या मोजक्या माणसांनी काय पाहिलं असेल ते सांगते. एक नारायणपेठ, एक इरकल, एक गढवाल आणि माझी लग्नातली हिरवी पैठणी. डोक्यात गजरे. मंदाच्या हातात डोहाळजेवणाची ओटीची पिशवी, कारण गाडीत ठेवली तर नारळ गडगडतो म्हणे. एका लहान पोरानं त्याच्या बापाला विचारलं, "बाबा, इथं लग्न आहे?"

मग आम्ही साड्या गुडघ्यापर्यंत खोचल्या आणि आत गेलो.

या भागाबद्दल फार लिहिता येत नाही. पाणी गार होतं. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकायची आणि आपणच मागं ओढले जातोय असं वाटायचं. शैला, जी मुलांना स्नेहसंमेलनातही जोरात हसू देत नाही, ती ओरडत होती. सूर्य बुडताना आम्ही एकमेकींचे हात धरून उभ्या होतो आणि मंदाला रडू आलं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पदर भिजून जड झाले होते. नंतर साताऱ्यातल्या लाँड्रीवाल्यानं माझ्या जरीवरचे डाग बघून विचारलं, "काकू, हे काय सांडलं?" मी म्हटलं, मीठ.

राहायला एका काकूंच्या घरी जागा मिळाली. जांभ्या चिऱ्याचं घर, मागं नारळी-पोफळीची वाडी, अंगण शेणानं सारवलेलं. बदलायला कपडे नव्हते म्हणून बाजारपेठेतल्या एकमेव उघड्या दुकानातून चार मॅक्सी आणल्या. चारही एकाच ठाणातल्या, निळ्यावर पांढरी फुलं. त्या घालून ओसरीवर बसलो तर एखाद्या आश्रमातून पळून आल्यासारख्या दिसत होतो. मंदानं विचारलं, "जेवायला सुरमई मिळेल का?" काकू म्हणाल्या, "आमच्याकडं नाही हो. आणि आज संकष्टी." मंदानं माझ्याकडं असं बघितलं की जणू तिथी मीच लावली होती. कोकणात येऊन मासा न खाता परत गेलेली सातारची बाई म्हणून ती आजही स्वतःची ओळख करून देते.

काकूंना मी विचारलं की समुद्र एवढा लांब का गेला, आलो तेव्हा जवळ होता. त्यांनी बोटांवर हिशेब केला. म्हणाल्या, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती होती. त्यानंतर सहा तासांनी, नवाला, पुरती ओहोटी. उद्या पंचमी, पावणेचार. घड्याळ रोज साधारण पाऊण तासानं पुढं जातं. हा हिशेब त्यांना सासऱ्यांनी शिकवलेला. मला पाऊणकीचा पाढा आजोबांनी शिकवला होता, पण तो समुद्र मोजायला असतो हे साताऱ्यात कोण सांगणार? आमच्याकडं तिथीवर उपास ठरतात आणि त्यांच्याकडं होड्या.

म्हणजे आम्ही पाण्यात नाचत होतो तेव्हा समुद्र परत निघाला होता. काकू म्हणाल्याच, ओहोटीला ओढ असते, गुडघ्याच्या पुढं जायचं नसतं. आम्ही कुठपर्यंत गेलो होतो ते त्यांना सांगितलं नाही.

नऊच्या आसपास पुन्हा किनाऱ्यावर गेलो, चंद्र बघायला. मी मूर्खासारखी समुद्राकडं तोंड करून उभी. शैला म्हणाली, "अगं, पूर्वेला बघ. मास्तरीण आहेस ना?" चंद्र पाठीमागून यायचा होता, माडांच्या मागून, सह्याद्रीच्या बाजूनं. आमच्याकडून. झाडं आडवी होती, काही दिसेना. पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई गच्चीवरून बोलत होत्या.

"दिसला का गं?"

"नाही अजून. झाडं आहेत."

"इथं दिसला. घे, खा आता. मी बघितला म्हंजे तू बघितल्यागतच."

काकूंनी उकडीचे मोदक केले होते. आमच्याकडं संकष्टीला तळणीचे करतात, सुक्या खोबऱ्याचे, चार दिवस टिकणारे, प्रवासाला नेण्यासारखे. उकडीचा मोदक कुठं नेता येत नाही. तो तिथंच, गरम, तुपाची धार सोडून खायचा. मी सात खाल्ले. मंदानं नऊ, उपास नसताना.

सकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेतलं आणि मी एकटीच बाटली घेऊन किनाऱ्यावर गेले. निळ्या मॅक्सीत. पाणी पुन्हा लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी, त्यावर खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या मांडलेल्या. चालत चालत गेले, वाकून बाटली भरली. वाळू खाली बसेपर्यंत थांबले.

परतीच्या घाटात कोणी फार बोललं नाही. ज्योतीनं या वेळी एकदाही गणपतीला हाक मारू दिली नाही.

सासूबाई ओट्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी बाटली पुढं ठेवली. शैलानं सांगितलेलं सगळं सांगितलं, बोगदे, पोफळी, वाशिष्ठी, दाभोळची खाडी. गुहागर तिथून किती जवळ तेही. त्या ऐकत होत्या, पण हात थांबला नव्हता. सगळं झाल्यावर त्यांनी झाकण उघडलं, तळहातावर थोडं ओतलं आणि जिभेला लावलं.

"खारट झालं गं," म्हणाल्या.

मग बाटलीला झाकण लावून देवघराच्या फळीवर, गंगाजलाच्या तांब्याशेजारी उभी केली. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडत होते तर मागून आवाज आला, "तुळशीला घालू नको हं ते कुणी. जळून जाईल."