तेल गार होतं

डिसेंबरातली सकाळ, भोसरीतलं आमचं बेअरिंग तपासायचं टेस्ट रिग, आणि टाकीतलं तेल २४ अंशांवर. हीटर लावून ते ४५ वर येईपर्यंत थांबायला हवं होतं. तासभर जातो, म्हणून मी थांबलो नाही. रिपोर्ट संध्याकाळी द्यायचा होता.

बेअरिंग साधं गोल, ८० मिलिमीटरचं, शाफ्ट आत तेलावर फिरतो. आत व्हाईट मेटलचं, म्हणजे मऊ मिश्रधातूचं अस्तर, क्लिअरन्स (शाफ्टभोवतीची फट) ०.१२ मिलिमीटर. भार नावापुरता. ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, तेव्हा कंपनं दाखवणाऱ्या स्क्रीनवर १५० हर्ट्झची रेघ दिसणारच. पण ७१ वर दुसरी उगवली आणि बघता बघता पहिलीच्या वर गेली. मी म्हटलं, शाफ्टचं बॅलन्सिंग गेलं. फिटरकाका हात पुसत म्हणाले, "बॅलन्सिंगचं असतं तर दीडशेच वाढलं असतं ना, साहेब? हे तेल शाफ्टला फिरवतंय."

खरंच होतं. शाफ्टला चिकटलेलं तेल शाफ्टच्या वेगाने पळतं, बेअरिंगला चिकटलेलं जागचं हलत नाही. मधली फिल्म सरासरी निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरते. भार हलका आणि तेल दाट असलं की शाफ्ट जवळजवळ मधोमध तरंगतो, आणि फिल्म त्याला ढकलत गोल नेते. यालाच ऑईल व्हर्ल म्हणतात. आमचं व्हीजी ४६ ग्रेडचं (ग्रेड दाटपणाची) तेल त्या सकाळी नेहमीच्या अडीच-तीन पट दाट होतं.

वेग ८,५०० वर आणला, तरी व्हर्ल सुटेना. सुरू झालं त्याच्या बरंच खाली, ७,६०० ला सुटलं.

बेअरिंग उघडलं तर वरचा अर्धा भागही घासून चकचकीत, काठाला व्हाईट मेटल पुसलं गेलेलं. आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, खालच्या अर्ध्यात. त्याने ७८ अंशांवर काही दाखवलंच नव्हतं! (वर एक बसवा, असं मी आधी सुचवलं होतं. असो.)

तेलाच्या जोराने चकित होणारा मी पहिला नाही. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या इंजिनिअरने रेल्वेच्या बेअरिंगला वरून तेलासाठी भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर आलं. लाकडी बूच मारलं, तेही वर सरकून निघालं. मग तिथे गेज लावला, आणि दाब सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त निघाला. त्यामागचं गणित ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये मांडलं.

नवीन बेअरिंग ४५ अंशांच्या तेलावर चालवलं. ९,००० ला स्क्रीन स्वच्छ. १०,५०० ला ती रेघ परत आली. आता टिल्टिंग पॅड बेअरिंगची ऑर्डर गेली आहे; त्यातले पॅड शाफ्टसोबत कलतात, म्हणून व्हर्ल सहसा होत नाही. ते येईपर्यंत सकाळी सातला येऊन हीटर लावायचं काम माझ्याकडे.