स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील रक्तवाहिन्या

अल्झायमरची चर्चा बहुधा चेतापेशी आणि त्यांच्याभोवती साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन यांच्यापाशीच थांबते, आणि त्या पेशींना पोसणाऱ्या रक्तवाहिन्यांची दखल फार तर ओझरती घेतली जाते, हे मला सतत खटकत आले आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असला, तरी विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही, त्यामुळे पुरवठा थांबला की काही सेकंदांतच शुद्ध हरपते.

ज्या केशवाहिन्यांतून हा पुरवठा होतो, त्यांची भिंत जवळून पाहण्यासारखी आहे. आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात, की रक्तातील बहुतेक पदार्थांना फटीतून आत शिरता येत नाही. या अस्तराला पेरिसाइट नावाच्या पेशींनी बाहेरून कवटाळलेले असते आणि त्यावर अ‍ॅस्ट्रोसाइट या तारकाकृती पेशींच्या टोकांचे वेष्टण असते. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू जवळजवळ कोरा राहिला, तो या अडसरामुळेच. याच भिंतीतून मेंदूतला कचरा बाहेरही पडतो, कारण अस्तरावरील एलआरपी१ हे प्रथिन अमायलॉइडला रक्तात पोहोचवण्याचे काम करते. पेरिसाइट कमी होऊन भिंत झिरपू लागली, की रक्तातील फायब्रिनोजेनसारखी प्रथिने आत येऊन दाह निर्माण करतात आणि अमायलॉइडचा निचराही मंदावतो. पुढे तेच अमायलॉइड लहान धमन्यांच्या भिंतींत साचून त्यांना ठिसूळ करते.

याचा प्रत्यक्ष रुग्णावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) अभ्यासातून दिसले. मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्यास या स्त्रियांनी संमती दिली होती, आणि त्यांपैकी १०२ जणींवरील निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्झायमरच्या खुणा असलेल्या मेंदूंपैकी ज्यांत खोल भागातील बारीक वाहिन्या बंद पडून एक-दोन छोटे घाव झाले होते, त्या स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण असे घाव नसलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण अमायलॉइड हटवणे अजूनही अवघड असले, तरी हे घाव टाळण्याचे उपाय आपल्या हाती आहेत.

त्यांत रक्तदाब सर्वांत महत्त्वाचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट बाळगलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही आणि चाचणी नियोजित मुदतीआधी थांबवली गेली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची स्मरणचाचणी होते, तितक्याच काळजीने त्याचा रक्तदाब, साखर आणि धूम्रपानाची सवय तपासली जावी, आणि ही तपासणी तक्रारीची वाट न पाहता चाळिशीतच सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे.