तुम्ही विचारलंत म्हणून : तीच ती फुलं पाहायला पुन्हा कशाला?

सप्टेंबर जवळ आला आणि मी साताऱ्याला निघायच्या बेतात आहे असे कळले, की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "कास तुम्ही पाहिलेले आहे ना, मग तीच ती फुले पाहायला पुन्हा कशाला?" प्रश्न रास्त आहे, फक्त 'तीच ती' हे काही मला मान्य नाही.

कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळपास १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, मातीचा थर इतका पातळ, की मोठे झाड तिथे तग धरत नाही, आणि पाऊस सरल्यावर ती मातीही कोरडी ठणठणीत होते. त्यामुळे इथल्या बहुतेक रोपट्यांना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. म्हणूनच एका खेपेला गेंदाच्या गोंड्यांनी पांढरा दिसलेला तुकडा पुढच्या खेपेला तेरड्याने गुलाबी झालेला असतो, आणि सोनकीचा पिवळा रंग चढेपर्यंत आधीची निम्मी फुले मातीला मिळालेली असतात. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, आणि ते वर्ष हुकले तर वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

जागतिक वारशाच्या यादीत २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचेही नाव आले आणि गर्दी वाढली. येणाऱ्यांपैकी पुष्कळांना रंगांचा गालिचा हवा असतो, आणि त्यावर आडवे होऊन फोटो काढणारेही मी पाहिले आहेत. माझे मत विचाराल तर गालिचा ही कासची सर्वांत सामान्य गोष्ट आहे. पायवाटेच्या कडेला उकिडवे बसून सीतेची आसवे पाहावीत: नखाएवढे निळसर जांभळे फूल, केसासारखा देठ, खालच्या पाकळीवर पांढरा डाग. एवढ्या नाजूक दिसणाऱ्या या वनस्पतीच्या ओल्या मातीतल्या भागावर बारीक फुगे असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेऊन पचवते, कारण या मातीत नत्र फारसे नाही. हे ठाऊक झाल्यापासून मला ते फूल अधिकच आवडू लागले.

खरे सांगायचे तर अल्पायुषी फुलासाठी कासपर्यंत जायलाच हवे असे नाही. साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात रस्त्याकडेला केना माजलेला असतो. ज्याची आपण भजी करतो, तोच हा केना. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटून अक्षरशः पाणी होऊन जाते. चिमटीत धरायला जावे तर बोटांना फक्त निळसर ओल लागते. प्रवासात वहीत दाबून आणलेली तेरड्याची पाकळी निदान डाग तरी ठेवते, केना तेवढेही ठेवत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की एखादे रोप आणून गच्चीत का लावत नाही. पठारावरून काहीही उपटण्यास मनाई आहे, आणि नसती तरी कुंडीतल्या खतावलेल्या मातीत सीतेची आसवे जगणार नाहीत. त्यांना तो उपाशी कातळच लागतो. तेव्हा यायचे असेल तर शनिवार-रविवार सोडून या, प्रवेशाची नोंदणी आधी करा, आणि उकिडवे बसता येईल अशा कपड्यांत या.