शरदातली पायवाट: चौथी फेरी

आज उजाडताच निघाले. मागच्या तिन्ही फेऱ्या नऊनंतरच्या, त्यामुळे चतुर दिसायचे ते फक्त निसटताना. आज दोन चतुर दवाने निथळत गवताच्या काडीला लटकलेले, हातभर अंतरावर. गारठलेल्या अंगाने त्यांना उडता येत नाही. उन्हाची तिरीप पोचली तसे एकाचे पंख जागच्या जागी थरथरू लागले. उडायचे स्नायू तापवणं चालू होतं. मिनिटभराने झेपावला. वाचलेलं होतं, पाहिलं आज.

टाचण्या, म्हणजे चतुरांचे बारीक अंगाचे भाऊबंद, आता चटकन ओळखू येतात. पंख पाठीवर मिटलेले असले तर बहुधा टाचणीच, पण काही टाचण्या पंख उघडे ठेवूनही बसतात. म्हणून आधी डोळे बघते: डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब.

सगळ्यात जास्त वेळ गेला कोळ्यांपाशी. दवामुळे एरवी न दिसणारी जाळी उठून दिसत होती. एका कुंपणावर १७ मोजली. अशी गोल जाळी विणणारे बरेच कोळी जुना धागा खाऊन टाकतात आणि त्याच मालातून नवं जाळं विणतात. एका जाळ्यात मधोमध मादी, डोकं खाली करून, आणि काठावर तिच्यापुढे अगदीच इवलासा नर. तो एक धागा छेडायचा, थांबायचा, पुन्हा छेडायचा. भक्ष्य समजून तिने झडप घालू नये म्हणून ही सगळी काळजी. अर्धा तास तिथेच बसले. तो काही पुढे सरकला नाही.

नाकतोड्यांची एक खूण पक्की झाली: मिशा आखूड, आणि कान पोटाच्या बाजूला. रातकिड्याच्या मिशा लांबलचक, कान पुढच्या पायांवर!

रातकिड्यांच्या किरकिरण्याची मोजणी कालच संध्याकाळी केली. १८९७ मध्ये एमॉस डॉल्बेअर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्या आवाजावरून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं. जातीगणिक वेग बदलतो, म्हणून मी एकच झुडूप धरलंय. पहिल्या फेरीच्या वेळी १५ सेकंदांत ३१, काल २२. गारवा वाढलाय.

परतताना बाभळीच्या काट्यावर टोचलेला नाकतोडा दिसला, पाय अजून हलत होते. हे काम खाटीक पक्ष्याचं. जास्तीची शिकार तो अशी टांगून ठेवतो. चाळीस मिनिटं थांबले, पक्षी आला नाही. पाचवी फेरी याच झाडापासून सुरू करणार आहे.